आईच्या नडगीतल्या सळईवरचे जंतू

आईच्या नडगीतली स्टीलची सळई काढायची की ठेवायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. उन्हाळ्यात शेणखताच्या बैलगाडीवरून आई पडली, हाड मोडलं, तेव्हा लातूरच्या दवाखान्यात सळई बसवली होती. भादव्यात टाक्यांजवळून पू यायला लागला. तपासणीत जंतू निघाले, गोळ्या सुरू झाल्या, जखम सुकली. तेवढ्यात घट बसले. आईचे नऊ दिवस कडक उपवास. "रिकाम्या पोटी गोळी लई जळजळती," म्हणाली, आणि गोळ्या बंद केल्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. औषध मध्येच थांबवू नये हे मला माहीत होतं. पण देवीच्या उपवासापुढं बोलायचा धीर झाला नाही. दसऱ्यानंतर पुन्हा पू आला.

त्या दिवशी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना मी काय शिकते ते कळलं, तेव्हा त्यांनी मला आत बोलावून आईच्या पुवातले जंतू वाढवलेली प्लेट दाखवली. तांबड्या थरावर पिवळसर, टपोरे ठिपके होते. त्यांच्या मधेमधे सुईच्या टोकाएवढे बारीक ठिपकेही होते.

"मॅडम, हे बाहेरून पडलेत का? प्लेट खराब झाली का?"

"अशी प्लेट मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मीही असंच समजून फेकून दिली होती," त्या हसल्या. "हे बारके त्या मोठ्यांच्याच वंशातले आहेत. जनुकात एवढासा बदल झाला, की वाढ मंदावते. सळईला चिकटून बुळबुळीत थराखाली बसतात. औषध भराभर वाढणाऱ्यांना मारतं, हे वाचतात."

"उपवासामुळं झालं का?"

"तसं सांगता येत नाही. हे आधीपासूनही असतील. पण खंड पडायला नको होता."

मी प्लेटवरून नजर काढू शकले नाही. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, तेव्हा तिच्या हाडात, त्या थंड स्टीलवर, एक जीव स्वतःला बदलून जगायला शिकत होता. हेच मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. भीती वाटलीच, पण त्याआधी नवल वाटलं. आईचा पाय पणाला लागलेला असताना नवल वाटावं, याची थोडी लाजही वाटली.

वॉर्डात गेल्यावर आईनं विचारलं, "काय निघालं गं?"

"जंतू एकच आहे, पण दोन तऱ्हेचा झालाय."

"त्यात काय नवल? घटात एका मुठीतलेच गहू टाकते मी. काही टरारून येत्यात, काही मातीखालीच दबून बसत्यात."

"ते दबलेलेच गोळीनं मरत नाहीत. सळई काढावी लागेल, म्हणतात डॉक्टर."

"मग खुरपायला बसता यील का मला?"

"माहीत नाही, आई." तिच्या पायावरचं पांघरूण नीट करत मी म्हणाले, "नवरात्रात मी बोलायला पाहिजे होतं."

"बोलली असतीस तर ऐकलं असतं व्हय मी? लई शहाणी!" मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सांग जा डाक्टरला, काढा म्हणावं."

सळई निघाली. कित्येक आठवडे औषध चाललं, एकही दिवस चुकला नाही. माघात ती शेपूच्या वाफ्यात खुरपायला बसली. उठताना माझा खांदा धरावा लागला.

डॉक्टर म्हणतात, वर्षभर लक्ष ठेवा, एखादा जंतू हाडात दडून असेलही. रोज सकाळी मी तिच्या नडगीवर तळहात ठेवून गरम तर लागत नाही ना, ते पाहते. आज कातडी थंड होती.