मिरचीच्या आगीची सरासरी

समीक्षा हल्ली फोनवर नुसतं "हं" म्हणते. जेवलीस का, हं. झोप होते का, हं. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

ही माझी थोरली. जळगावला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळ्या करून दमली, पुढे शिकवता तरी येईल म्हणून धुळ्याला एम.एस्सी. नर्सिंगला गेली. प्रबंधासाठी तिने दोंडाईच्याच्या मिरची खुडणाऱ्या बायका घेतल्या. देठ काढताना काही जणी हातमोजे घालतात, काही तेल चोपडतात. हाताची आग कुणाला कमी होते, ते तिला पाहायचं होतं. कमी, मध्यम, जास्त, अशी उत्तरं तिने घेतली. द्रौपदाबाई म्हणून एक होती, तिने तर हिलाच विचारलं, "आग तं व्हस, पोरी. तू काय फुंकर मारशी?"

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, कमीला एक, मध्यमला दोन, जास्तला तीन धर, दोन्ही गटांच्या सरासऱ्या काढ आणि त्या ताडून पाहणारी टी-चाचणी लाव. तशी लावली की हातमोज्यांनी फरक पडतो असं निघतं. समीक्षा म्हणते, हे आकडे फक्त क्रम सांगतात. जास्त म्हणजे कमीच्या तिप्पट नव्हे; मधलं अंतर कुणी मोजलंय? म्हणून ती क्रमावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी लावते, आणि तिच्यात फरक सिद्ध होत नाही. सर सही करत नाहीत. सोमवारी प्रबंध गेला नाही तर सहा महिने वाया.

तिचे पप्पा म्हणाले, तूच समजाव, सर म्हणतात तसं कर आणि मोकळी हो म्हणावं. आम्हीही थकलोय. संध्याकाळी मी तसं सुचवायला लागले, तेव्हा कितीतरी दिवसांनी ती सलग बोलली.

"आई, फरक पडतो असं मी लिहिलं, की मिरचीचा ठेकेदार हातमोजे वाटेल आणि म्हणेल, आता कसली आग होते तुम्हाला?"

आणि तिने फोन ठेवला.

मी अर्थशास्त्राची बी.ए. त्या चाचण्या मला अर्ध्याच कळतात. पण ठेकेदार तसंच म्हणेल, एवढं मला कळतं. तिचे पप्पा झोपलेत. ती जागीच असेल. आत्ताच फोन लावते. सांगते, तुझीच चाचणी ठेव, आणि सही नाही मिळाली तर घरी ये.