साहेबांना खेद झाला

बेचाळीसच्या हिवाळ्यात माझे पोस्टिंग धुळ्याला होते. लष्कराच्या महिला तुकडीत मी लान्स कॉर्पोरल. काम सिग्नल्सच्या खोलीत: टेलिप्रिंटर, टेलिफोन, आलेला मजकूर टाईप करून कॅप्टनच्या टेबलावर ठेवणे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून इंग्रजी चांगले. आई धरणगावकडची, म्हणून अहिराणी घरची. चारचौघांत बोलणे मला जमत नसे. सिग्नल्समध्ये त्याची गरजही पडत नसे.

धरणगावच्या पुढे एका खेड्यात बाजाराच्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढे झेंडा, मागे भजनी मंडळाचे टाळ. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले, काहींना अटक झाली. सरकारी निवेदन माझ्याच हातून मुंबईला गेले: जमावाला पांगण्याचा हुकूम दिला, जमावाने जागा सोडली नाही.

बातमी परदेशी वर्तमानपत्रांत पोचली. मग एका दोस्त राष्ट्राच्या वकिलातीतले साहेब मुंबईहून ‘स्वतः पाहायला’ निघाले. कॅप्टनने मला बोलावले.

“तिकडची बोली येते?”

“येस सर.”

“ते विचारतील तेवढेच सांगायचे. मेलेल्या पोराच्या आईने भाषण सुरू केले तर थांबवायचे.”

“येस सर.”

सकाळी निघालो. पुढे मोटारीत साहेब आणि कॅप्टन, मागे आमचा ट्रक. गावाच्या वेशीपासून रस्त्यावर पाणी मारले होते. एस्कॉर्टचे हवालदार शिंदे खाली बघत म्हणाले, “बूट मळायला नकोत साहेबांचे. त्या दिवशी एवढी तयारी केली नव्हती, बाई.”

मेलेल्या तिघांपैकी नथूच्या घरी सुतक होते. अशा घरी चूल पेटत नाही. पण पाहुण्याला गाव शांत आणि अगत्यशील दिसायला हवे होते, म्हणून डाकबंगल्याचा स्टोव्ह अंगणात आणून चहा उकळला होता. साहेब खुर्चीवर बसले. नथूची आई, तिला सगळे अक्का म्हणत, समोर गोणपाटावर. साहेबांनी चहाची स्तुती केली. मग विचारले, “हुकूम दिल्यावर हे लोक निघून का गेले नाहीत?”

मी विचारले. अक्का माझ्याकडे बघत राहिली.

“तू कोनी पोर वं?”

मी आईच्या गावाचे नाव सांगितले.

“मंग तुले ठाऊक शे. अंमलदार बोलाले लागना की गाव खाले बसस. उभं राहीसन कोन ऐकस? पोलिसना साहेब काहीतरी सांगस, म्हनीसन बठ्ठा खाले बसनात. तो इंग्रजीमा बोलना. हाई या साहेबले सांग, माय. मना धाकला जेलमा शे. त्यानी दंगा करा म्हंतस. बसेल मानूस दंगा कसा करी?”

मी इंग्रजीत सांगू लागले. कॅप्टन म्हणाला, “दॅट विल डू.” मी थांबले नाही. गावाची रीत सांगितली, सगळे खाली का बसले ते सांगितले, धाकट्या मुलाचे सांगितले, शेवटचा प्रश्नही सांगितला. नोकरीत मी मोडलेला हुकूम हा एवढाच.

साहेबांनी सगळे ऐकले. “मोस्ट इंटरेस्टिंग कस्टम,” म्हणाले, आणि आणखी अर्धा कप मागितला.

निघताना ट्रकमधल्या वायरलेसवर मीच बोलले.

“व्हिजिटर निघाले. रस्ता मोकळा ठेवा. ओव्हर.”

“मोकळाच आहे. गावात कोणी बाहेर येत नाही. ओव्हर.”

वकिलातीचे निवेदन आमच्या यंत्रावर आले. जीवितहानीबद्दल खेद. दोन्ही बाजूंनी संयम पाळावा. स्थानिक अधिकाऱ्यांच्या सहकार्याबद्दल आभार. अक्काचे एकही वाक्य त्यात नव्हते. एक बाजू रायफली रोखून उभी होती, दुसरी मांडी घालून बसली होती. संयम दोन्हींनी पाळायचा होता. सरकारने उलट कळवले की खेदाची नोंद घेतली आहे. एवढ्यावर दोन्ही सरकारांचे संबंध सुरळीत झाले. ते बिघडले कधी, हे मला यंत्रावर कुठे दिसले नाही.

धाकट्याला दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

लढाई संपली, आम्हाला डिस्चार्ज मिळाला. मी त्या गावी गेले. अक्काने पाणी दिले आणि विचारले, “काय बोलना मंग तो साहेब?”

“खेद झाला म्हणाला.”

“म्हंजे?”

“वाईट वाटलं.”

“आनि करं काय त्यानी?”

“काही नाही, अक्का.”

“आमना शेजारले बी वाईट वाटनं. ते भाकर लीसन उनात.”

युद्धात पडलेल्यांची नावे आमच्या परेडला वाचली जात. या तिघांची कुठे वाचली गेली नाहीत. नथू, वय एकोणीस, टाळ वाजवत होता. सखाराम नाना, झेंडा त्यांच्या हातात होता. बसताना तो त्यांनी मांडीवर आडवा घेतला. आणि जनाबाई, मिरच्या विकणारी. ती मिरवणुकीत नव्हती. सौदा आटपून घरी चालली होती. पोलीस अंमलदार बोलू लागला, म्हणून तीही बसली.