ताईचं वाक्य आणि तीन पुकारे

पहिला रविवार: धाकटे बंधू, कॅमेरा छताकडे.
दुसरा रविवार: बंधूंची सूनबाई; मिक्सर चालू, माइकही चालू.
तिसरा रविवार: बंधूंचे चिरंजीव; चालत्या मोटारीत, तोंडात पोहे.
चौथा रविवार: वरील सर्व, आणि आणखी एक इसम. त्याची ओळख यथावकाश पटेल.

अर्धांगवायूने गेलेली ताईची वाचा आता शब्दाशब्दाने परतते आहे. ती ग्वाल्हेरला लेकीकडे असते. उपचार करणाऱ्या बाईंनी नेम घालून दिला: आठवडाभर एकच वाक्य घोटायचं आणि रविवारी आपल्या माणसांना म्हणून दाखवायचं. आमचा व्हिडिओ कॉल केवळ त्यासाठी. पहिली तीन वाक्यं अनुक्रमे पंखा, चटणी आणि हॉर्न यांच्या चरणी अर्पण झाली.

मी दोन पानी पत्र धाडलं. बंधूंनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. निरक्षर पक्षकारही कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देत नसे. मग मी विनोदाचा आश्रय घेतला.

सगळी नोकरी मी कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे खटल्याचे कागद ठेवणारा कारकून, होतो. तिथे पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा होतो. तरीही तो आला नाही, तर गैरहजेरी लागते. चौथ्या रविवारी मी कोट घालून बसलो आणि फर्मान वाचलं:

"छताच्या पंख्याची ओळखपरेड पूर्ण झाली असून त्याला निर्दोष सोडण्यात येत आहे. बंधूंनी आता स्वतःचा चेहरा हजर करावा. चटणीची साक्ष नोंदवून झाली. पोह्यांची उलटतपासणी गाडी थांबल्यावर होईल."

"काका, कमाल करता यार तुम्ही!" चिरंजीवांनी खरोखर गाडी बाजूला घेतली. सूनबाई हसत म्हणाल्या, "सॉरी काका, मिक्सर बंद केला बघा." पडद्यावर प्रथमच सगळ्यांचे चेहरे आले. बंधूंच्या चेहऱ्याचा मात्र कपाळापुरताच भाग आला.

त्या यशाने मी चढून गेलो. बंधूंच्या नावाने पहिला पुकारा केला. दुसरा केला. "अरे दादा, इथेच तर बसलोय, कपाळ दिसत नाही का?" बंधू ओरडले. हशा उसळला. नियम म्हणजे नियम; मी खणखणीत तिसरा पुकारा केला.

नेमक्या त्याच क्षणी ताईचे ओठ हलले. सावकाश, आठवडाभराच्या मेहनतीने. भाची दूध घ्यायला दारात गेली होती. मी थांबलो तोवर वाक्य संपलं होतं आणि ताई आमच्याकडे पाहत होती, पोहोचलं का, अशा नजरेने.

"ताई, परत म्हण ना," मी म्हणालो. तिने मान हलवली. दमली होती.

तो चौथा इसम मी. शिस्त मीच आणली आणि ताईचं वाक्य मीच बुडवलं. शिक्षा म्हणून माझा माइक यापुढे भाचीच्या ताब्यात राहील. ताईचं बोलून होईपर्यंत तो बंद, कोटासकट.

मात्र त्यामुळे बाकीचे निर्दोष सुटत नाहीत. त्या हशात कुणाच्या तरी कानावर एखादा शब्द पडला असेलच. बंधू, सूनबाई, चिरंजीव: येत्या रविवारच्या आत घरच्या ग्रुपवर, सर्वांसमक्ष, लेखी उत्तर द्या. ताई काय म्हणाली?

अंगठा ग्राह्य धरला जाणार नाही.