हंगामी विद्यावहिनी

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळात मिटिंगा कमी आणि किस्से जास्त! दरवर्षी चारपाच तरी साठतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच, कुणाची तरी सुट्टी.

मंडळ साऱ्या ओमानचं. सलालापासून सोहारपर्यंतचे सभासद मतं देऊन नऊ जणांची कमिटी निवडतात, आणि निवडून आलेला माणूस पहिलं काम काय करतो, तर भारताचं तिकीट काढतो! म्हणून आमच्या घटनेत कलम चौदा आहे. पदाधिकारी ओमानच्या हद्दीबाहेर गेला की त्याचं पद हंगामी माणसाकडे. तो हद्दीत आला की परत त्याच्याकडे.

हा हंगामी माणूस म्हणजे बारा वर्षं आमच्या विद्यावहिनी. मूळच्या चिपळूणच्या, राहायला मदिनत सुलतान काबूसला, आणि आवाज असा की माईक लागत नाही. त्यांनी एकेक करून सगळी पदं सांभाळली, पण नावामागचं 'हंगामी' काही सुटलं नाही. मी सेक्रेटरी, त्यांच्या सह्या घेणारा. एकदा सही करताना म्हणाल्या, "हे 'हंगामी' लिहिण्यातच माझी अर्धी शाई जाते रे! एकदा तरी नुसतं 'अध्यक्ष' लिहायचंय." हसतच म्हणाल्या, पण मला वाईट वाटलं.

आणि गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर रिटायर झाले. दोघं डिसेंबरात कायमचे भारतात निघाले, आणि आमची निवडणूक फेब्रुवारीत!

*

एका जुलैत तर कहरच झाला. कमिटीतले नऊच्या नऊ जण भारतात! सगळी पदं वहिनींकडे. गणपतीसाठी हॉल घ्यायचा, तर सेक्रेटरीने अध्यक्षांकडे अर्ज करायचा असतो. वहिनींनी हंगामी सेक्रेटरी म्हणून हंगामी अध्यक्षांना, म्हणजे स्वतःलाच, रीतसर अर्ज लिहिला.

मी परत येऊन फाइल उघडतो तर अर्जावर शेरा, 'नामंजूर'!

"वहिनी, स्वतःचाच अर्ज नामंजूर केलात?"

"मग काय! तारीखच घातली नव्हती. माझ्या हाताखाली असला गबाळेपणा चालायचा नाही!"

खाली दुसरा अर्ज होता. तारखेसकट. त्यावर शेरा, 'मंजूर. पुन्हा असं होता कामा नये.'

*

आमचे अध्यक्ष देसाई नियमाचे पक्के. व्हिजिटिंग कार्डावर नावापेक्षा 'अध्यक्ष' मोठं! एकदा ते फॅमिलीला घेऊन गाडीने मुसंदमला निघाले. मुसंदम ओमानचंच, पण वाटेत एमिरेट्स लागतं. बॉर्डर ओलांडली आणि देसाईंचा फोन, "वहिनी, चार्ज घ्या."

वहिनी चकल्या तळत होत्या. म्हणाल्या, "घेतला."

तासाभरात पुन्हा फोन. एमिरेट्सच्या मधोमध मदहा नावाचा ओमानचा एक तुकडा आहे, तिथे देसाई चहाला थांबले होते. "वहिनी, मी ओमानात आहे. चार्ज परत."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

"मग सावकाश प्या हो! तेवढ्यात मी कपडे वाळत घालते."

मदहातून निघाले, फोन. मुसंदममध्ये शिरले, फोन! एका दिवसात चार सत्तांतरं, आणि तीसुद्धा नुसती जातानाची. संध्याकाळी वहिनींनी मला विचारलं, "येताना विमानाने येतील का रे हे?"

*

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करतात तर वहिनी निवडणुकीला उभ्या का नाही राहिल्या? अहो, आमचा निवडणूक अधिकारी! दर खेपेला फॉर्म भरायच्या आठवड्यातच त्याच्या घरचं लग्न निघतं. मग हंगामी निवडणूक अधिकारी कोण? वहिनी. आणि निवडणूक अधिकाऱ्याला उभं राहता येत नाही!

एका वर्षी मी चिडून म्हटलं, "नाही म्हणून सांगा ना!"

"आणि निवडणूक कोण घेणार, तू? तुला साध्या चिठ्ठ्या दुमडता येत नाहीत!"

*

मुलांचा मराठीचा वर्गही वहिनीच घ्यायच्या. टीचर सुट्टीवर, दुसरं काय! एकदा त्यांनी विचारलं, "हंगामी म्हणजे काय?" देसाईंची धाकटी, आर्या, हात वर करून उभी राहिली. आमच्या पोरांचं मराठी अडखळतच चालतं.

"हंगामी म्हणजे... ॲक्च्युअली काम करतो ना, तो!"

"आणि अध्यक्ष?"

"तो फोटोमध्ये असतो."

देसाई तिला न्यायला दारात उभे होते. शब्द न् शब्द ऐकला त्यांनी!

*

नोव्हेंबरच्या मिटिंगला वहिनींच्या निरोपाचा विषय निघाला. शाल ठरली, श्रीफळ ठरलं. सोहारच्या वाटेवरच्या खाबुऱ्याहून सलीमभाई आले होते. मूळचे रत्नागिरीचे, बाजारात दुकान, बोलणं एक घाव दोन तुकडे.

"शाल देणार, नारळ देणार, आणि ते हंगामी तसंच ठेवणार?"

मी म्हटलं, "सलीमभाई, कलम चौदामध्ये दुसरं काही बसत नाही."

"चौदा राहू दे. पंधरा वाच."

मी मोठ्याने वाचलं. राजीनाम्याने जागा कायमची रिकामी झाली, तर कमिटी कुणाही सभासदाला उरलेल्या मुदतीसाठी निवडू शकते, पूर्ण अध्यक्ष म्हणून.

सगळ्यांनी देसाईंकडे बघितलं. देसाई टेबलाकडे बघत बसले. खुर्चीचा त्यांना किती लळा, आम्हा सगळ्यांना ठाऊक! मला वाटलं, आता मिटिंग बारगळणार. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "कागद दे."

एका ओळीचा राजीनामा. त्या दिवशी पहिल्यांदा मला देसाईंना मिठी मारावीशी वाटली, आणि मारलीसुद्धा.

"खलास!" सलीमभाई म्हणाले. "आता वैनींना सांगा."

सांगितलं, तर वहिनी आधी रागावल्या, "वेडे आहात का सगळे?" आणि मग रडल्या.

*

निरोपाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. अध्यक्ष म्हणून वहिनींनी पहिली सही केली, तेव्हा टाळ्या थांबेचनात. देसाई सगळ्यांत पुढे, शिट्टीसुद्धा त्यांनीच मारली!

हॉलचे मॅनेजर खमीस दारात उभे होते. वयस्क ओमानी गृहस्थ, हिंदी झकास बोलतात. बारा वर्षं हॉलची किल्ली त्यांनी वहिनींच्याच हातात दिलेली. एवढा जल्लोष कशाचा, म्हणून त्यांनी मला विचारलं.

मी आनंदाने सांगितलं, "खमीसभाई, आज मॅडम प्रेसिडेंट बन गयी!"

खमीसनी स्टेजवरच्या वहिनींकडे बघितलं, मग देसाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तो इतना साल कौन था?"