साडेनऊवरचा काटा

फिनलंडच्या उत्तरेकडच्या केमियार्वी गावात रेइनो कल्लुंकींची चौकशी केलीत, तर लोक आधी त्यांच्या अंगठ्याबद्दल सांगतील. टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवायचं आणि क्षणभर थांबून ‘घे’ किंवा ‘फेक’ म्हणायचं. चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली त्यांनी. निवृत्त झाल्यावर, ज्यांच्या खिशात गॅरेजला द्यायला पैसे नाहीत अशांच्या गाड्या हिवाळ्याआधी तयार करून द्यायचा उद्योग स्वतःहून मागे लावून घेतला. पैसे घेत नसत. कॉफी घेत, तीही दोन कप, आणि वर ती पाणचट आहे हे ऐकवत.

मी तुइरे, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. नवरा तीन वर्षांपूर्वी दक्षिणेत गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. माझ्या वाट्याला आली त्याची छोटी लाल गाडी, हिवाळा कशाशी खातात हे माहीत नसलेली. मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. वीस किलोमीटर, आणि त्या वाटेला बस नाही. गाडी बंद पडली की नोकरी गेली, हे तिथल्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं.

त्या पहिल्या शरदात मी कुणाकडून तरी बर्फात धरून चालणारे जुने खिळ्यांचे टायर आणले. खोबणी चांगली खोल होती, मी खुशीत होते. रेइनोंनी नख लावलं, बाजूवरचं साल वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“पोरी, हे रबर तुझ्या लग्नाच्या वेळचं आहे,” ते म्हणाले. “ते टिकलं नाही, हे काय टिकणार?”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी थोबाडीत दिली असती. त्यांच्यावर मात्र हसू आलं. ते मला भंगारवाल्याकडे घेऊन गेले, अर्धा दिवस ढिगात उकरून चार धड टायर काढले, आणि तिथल्याच एका मेलेल्या, माझ्यासारख्याच गाडीतून इंजिन तापवायचा हीटरही उपटून आणला. तो त्यांनी माझ्या इंजिनात बसवला आणि त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढली. दारांच्या रबराला औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन चोळलं, म्हणजे दारं गोठून चिकटत नाहीत. गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा कापून लावला. हँडब्रेक गोठतो, तो ओढायचा नाही, गिअरमध्ये उभी करायची, हे माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. त्यांच्या बायकोनं, लेंपींनी, डिकीत ठेवायला लोकरीचे मोजे दिले. सगळं मिळून खर्च माझ्या एका आठवड्याच्या किराण्याएवढाही झाला नाही.

राहिलं फक्त एक. हीटर लावायला वीज लागते. आमच्या अंगणात गाड्यांसाठी विजेचे खांब आहेत, पण घरं जास्त आणि खांब कमी. रांगेत नाव घातलं, नंबर सातवा लागला. “मिळेपर्यंत रात्री इंजिनवर घोंगडी टाकत जा,” रेइनो म्हणाले.

दोन हिवाळे घोंगडीवर निभावले. तिसऱ्या जानेवारीत पारा उणे तिसाखाली उतरला आणि घोंगडीनं हात टेकले. दोनदा उशीर झाला, दोनदा बोलणी खाल्ली. रेइनोंचा खांब माझ्या गाडीच्या शेजारीच होता. ते गाडी काढत फक्त गुरुवारी बाजाराला आणि रविवारी चर्चला. खांबावरच्या पेटीला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही. आत घड्याळ असतं. निघायची वेळ लावायची, म्हणजे त्याआधी दोन तास वीज सुरू होते.

मी एका सोमवारी त्यांची वायर काढली आणि माझी लावली. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण टायर त्यांचे, हीटर त्यांचा, मोजे त्यांच्या बायकोचे. एका माणसाकडून किती घ्यायचं? मागायची लाज वाटली म्हणून चोरलं. काय शहाणपणा होता बघा. निघताना मी घड्याळ बंद करायची, त्यांची वायर होती तशी परत लावायची, झाकण लावायची. गुरुवार-रविवार सोडून तीन आठवडे असं बिनबोभाट चाललं.

मग तो मंगळवार आला. उणे चौतीस. सकाळी साडेसातला मी खाली गेले, झाकण उघडलं. घड्याळ चालू होतं आणि काटा साडेनऊवर लावलेला होता.

इथेच मला थांबायचं आहे, कारण पुढे महिनोन्महिने मी स्वतःला सांगत राहिले की माझं लक्षच नव्हतं. लक्ष होतं. मी तो काटा पाहिला. मी बंद केलेलं घड्याळ कुणीतरी लावलंय, म्हणजे कुणालातरी निघायचंय, हे लहान मुलालाही कळलं असतं. पण मला त्या घडीला एवढंच सुचलं की बरं झालं, हातमोजा काढून काटा फिरवायला नको. त्यांची वायर उपटली, माझी खुपसली. सव्वानऊला नेहमीसारखं घड्याळ बंद करून, त्यांची वायर जागेवर लावून मी निघून गेले. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वाटेत मी गाणं म्हणत होते.

संध्याकाळी परतले तेव्हा रेइनो जिन्यातल्या बाकावर बसले होते. अंगात कोट तसाच, टोपी हातात. त्या दिवशी लेंपींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, रोव्हानिएमीला, दीड तासाच्या वाटेवर. आठ महिने वाट बघून मिळालेली तारीख. हे मला माहीत नव्हतं, कारण ते दोघं आपली दुखणी कुणाला सांगत फिरत नाहीत. त्यांची गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरली. थंडीमुळे गावातल्या टॅक्सी सगळ्या बाहेर होत्या. जी मिळाली ती दुपारी पोहोचली, तोवर वेळ टळून गेली होती. नवी तारीख मार्चमधली मिळाली.

“घड्याळ लावायला विसरलो मी,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं एक बस उशिरा सोडली नाही, आणि बायकोच्या डोळ्याला विसरलो.”

वरून लेंपींचा आवाज आला. “विसरला नाहीस. काल तू खांबापाशी गेलास ते मी खिडकीतून पाहिलं.”

“त्या डोळ्यांनी?” रेइनो म्हणाले, अगदी हळू. “तुला समोरची कपबशी दिसत नाही, लेंपी. खांब कुठला दिसतो?”

मी काय केलं विचारा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “होतं असं, या वयात.” हो, हेच शब्द. जीभ कशी झडली नाही माझी, देव जाणे.

आठवडाभर मी त्या खांबाकडे फिरकले नाही. मग पुन्हा गारठा वाढला आणि माझ्या लाजेपेक्षा नोकरीची भीती मोठी ठरली. झाकण उघडलं. आत घड्याळाखाली कागदाची पट्टी चिकटवली होती, त्यांच्या ठसठशीत अक्षरात: ‘रेइनो, दोनदा बघ.’ मी झाकण लावलं, घरी जाऊन आजारी आहे म्हणून फोन केला आणि दिवसभर पडून राहिले.

मार्चमध्ये लेंपींचं ऑपरेशन झालं. अर्धीच नजर परत आली. आधी झालं असतं तर पूर्ण आली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मे महिन्यात रेइनोंच्या परवान्याची मुदत संपली. त्यांनी तो नवा केला नाही. “विसरणाऱ्या माणसानं रस्त्यावर जाऊ नये,” म्हणाले, आणि गाडी भंगारात दिली. खांब माझ्या नावावर करून द्यायला स्वतः इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले. रांगेत अजून माझ्यापुढे असलेल्या चौघांना त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण कुणी कुरकुरलं नाही. मी आभार मानले. तेव्हापासून लेंपींना तपासणीला नेते ती मी. त्या स्वतः वेलचीचा पाव करून बरोबर घेतात आणि वाटेत मला भरवतात. प्रत्येक घास मी कसा गिळते ते माझं मला माहीत.

परवा, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, ते नेहमीसारखे अंगणात आले. टायर बदलायचे होते. जॅक लावला, नख रुतवलं, ‘अजून एक हिवाळा’ म्हणाले. दोन चाकं बसवली, नट आवळले. मग पाना माझ्याकडे दिला.

“तू एकदा आवळून बघ,” ते म्हणाले. “माझा मला आता भरवसा नाही.”

त्यांनी कधी, कुणाला, आपलं काम तपासायला सांगितलं नव्हतं. मी पाना लावला. एकही नट केसभर हलला नाही. पाना हातात धरून मी चाकाजवळच बसले.

“घड्याळ तुम्ही लावलं होतं,” मी म्हणाले.

“कुठलं घड्याळ?”

“जानेवारीतलं. त्या मंगळवारचं. काटा मी पाहिला होता. तुमची वायर मी काढली, रेइनो, आणि माझी लावली. तीन आठवडे लावत होते. तुम्ही विसरला नव्हतात.”

मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्या होत्या.

“साडेनऊवर होता?” त्यांनी विचारलं.

“साडेनऊवर.”

त्यांनी गुडघ्याला हात लावून स्वतःला उठवलं, हात पुसायचेही विसरले आणि इमारतीकडे निघाले. गेल्या काही महिन्यांत मी त्यांना इतकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं. दार उघडं राहिलं. पहिल्या पायरीपासूनच त्यांनी हाक मारायला सुरुवात केली होती.

“लेंपी, तुला दिसलं होतं. लेंपी, ऐकतेस का? तुला बरोबर दिसलं होतं.”

मला ते एक शब्दही बोलले नाहीत. परत खालीही आले नाहीत. मग उरलेली दोन चाकं मीच बसवली, आणि प्रत्येक नट दोनदा बघितला.