नंबराचा काळा चष्मा

आमच्या ह्यांना काळा चष्मा शोभायचा, हे आधीच सांगून टाकते. रंग सावळा, नाक सरळ आणि त्यावर गर्द काळ्या काचा. जीप घेऊन गल्लीत आले की शेजारच्या बाया पदराआड हसायच्या. "तुमचे मालक तर सिनेमातल्यावानी दिसतेत," म्हणायच्या. मीही हसायचे. खोटं कशाला बोलू, मला थोडा तोराही यायचा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिथं जागा मिळेल तिथं सरकारी कचेऱ्या उघडत होत्या. एक तर किराणा दुकानाच्या माडीवर होती. नवी कचेरी म्हणजे नवा साहेब, नव्या साहेबाला जीप, आणि जीपला ड्रायव्हर. हे आधी नांदेडला एका ठेकेदाराचा ट्रक चालवायचे. जिल्ह्याची भरती निघाली, ह्यांचं नाव लागलं आणि आम्ही नायगावहून बिऱ्हाड उचलून लातूरला आलो. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. सासऱ्यांनी विहारात सगळ्या वस्तीला खीर खाऊ घातली. फक्त हे अजून परमनंट झाले नव्हते, एवढीच काय ती कसर होती.

त्यात दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर सुरू झाले, शेतातली माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. साहेबांना रोज दौरा. कुठं टँकर पोचला नाही, कुठं कामाची मोजणी राहिली, सगळीकडं जीप हवी. हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. दिवसभर नुसतं ऊन, रस्ता पांढरा फटक. अशा उन्हात ड्रायव्हरनं काळा चष्मा लावला तर कोण काय म्हणणार? साहेबांनीच एकदा म्हटलं म्हणे, मलाही असाच एक आणून दे.

मला काही कळायला हवं होतं, पण कळलं नाही. संध्याकाळी कधी आम्ही बसस्टँडवर गेलो, की हे म्हणायचे, "वाच बरं, कुठली गाडी हाय ती?" मी चौथी शिकलेली. मला वाटायचं, नवरा बायकोची परीक्षा घेतोय. मी अक्षराला अक्षर जोडून "अहमदपूर" वाचायचे आणि हे खूश व्हायचे. मीही खूश. ते खरोखरच विचारत होते, हे माझ्या डोक्यात कसं यावं?

एका रविवारी हे मोरीत अंघोळीला गेले होते आणि चष्मा फळीवर राहिला होता. मी गंमत म्हणून लावला, आरशात पाहायला. वळून दाराकडं गेले तर समोरची भिंत आक्रसून लांब पळाली. उंबरा खाली गेला. पाय ठेवायचा तर जमीन सापडेना. मी चौकट धरली. लहानपणी मामांचा चष्मा चोरून लावला होता तेव्हा अगदी असंच गरगरलं होतं. मामांना लांबचं दिसत नव्हतं.

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि मला तसं बघून जागीच थांबले.

"आण इकडं," म्हणाले.

"हा तर नंबराचा हाय."

"हळू बोल." त्यांनी दार लोटून घेतलं.

मग सगळं सांगितलं. नांदेडला ट्रकवर होते तेव्हाच लांबचं अंधुक व्हायला लागलं होतं. भरतीत डोळ्यांची तपासणी होती. पुढच्या माणसानं पाटीवरची अक्षरं मोठ्यानं म्हटली, ती ऐकून ह्यांनी म्हणून दाखवली. तिथंच कुणीतरी चहाच्या गाड्यावर सांगितलं होतं, की चष्मा लागलेल्या माणसाच्या हातात सरकार गाडी देत नाही. नंतर कळलं तरी काढून टाकतं. झालं. हे गेले नांदेडला एका म्हाताऱ्या चष्मेवाल्या चाचाकडं आणि नंबर काळ्या काचेत बसवून आणला. लोकांनी म्हणावं, पोरगा हौशी आहे. चष्मा लागलाय असं कुणी म्हणू नये.

"चाचा म्हणाला, दिन को लगा बेटा, मगरिब के बाद नक्को," हे हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. "मग दिवस बुडाल्यावर काय करता?"

"यष्टीच्या मागं येतो."

मला समजेना. तेव्हा त्यांनी एखादी युक्ती सांगावी तसं समजावलं. संध्याकाळची लातूरची एसटी गाठायची. तिच्या मागचा लाल दिवा धरायचा. ती वळली की वळायचं, ती हळू झाली की हळू व्हायचं. "तिचा ड्रायव्हर बघतोच की पुढचं. आपण कशाला बघायचं?"

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. दिवस कलला की हात परातीत थांबायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की तो जीपचा आहे का हे ऐकत राहायचे. हे घरात आले की बाकीच्या बायका "जेवायला वाढू का" विचारतात, मी विचारायचे, "आज यष्टी मिळाली?" बोलायची चोरी होती. शेजारणीला सांगावं तर दुसऱ्या दिवशी कचेरीत कळणार. कुणी गाडीखाली येऊ नये आणि नोकरीही जाऊ नये, अशा दोन मागण्या मी रोज मनात करायचे. दोन्ही एकदम पुऱ्या व्हायच्या नाहीत, हे मला कळत होतं.

वैशाखात मी आमच्या वर्षाच्या लेकराला घेऊन निलंग्याला माहेरी गेले होते. त्याच दिवसांत साहेबांचा तिकडं दौरा निघाला. साहेब रेस्ट हाऊसवर मुक्कामाला राहिले आणि ह्यांना म्हणाले, गाडी लातूरला घेऊन जा, कचेरीतली कागदं घेऊन सकाळी ये. आणि बायको इथंच आहे ना, तिलाही ने. साहेब मनानं बरा माणूस होता. माझ्या आईला जावयाच्या सरकारी गाडीतून लेक जाणार याचा केवढा आनंद झाला! मी पुढच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन बसले. दिवस मावळतीला आला होता.

निलंग्याच्या स्टँडसमोर आम्ही थांबून राहिलो. एसटी निघाली तसे हे तिच्या मागं निघाले. मी हे पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. हे स्टिअरिंगवर छाती टेकून, मान पुढं काढून बसले होते. धुरळा एवढा की काच पिवळी झालेली. थोड्या वेळानं दिवस बुडाला. चष्मा नाकावर तसाच.

"काढा की आता," मी म्हटलं.

"काढून काय? काढला तर तो दिवा भोपळ्याएवढा दिसतो. पसरतो नुसता. बाकी सगळं दिसतं पण काय हाय ते कळत न्हाई. घातला तर दिवा नीट दिसतो, बाकी काळं."

त्या लाल दिव्याकडं मीही बघत राहिले.

आणि तो दिवा थांबला. एसटी पंक्चर झाली होती. लोक खाली उतरले, कंडक्टर म्हणाला, चाक बदलायला वेळ आहे, जॅकच धड नाही. आम्ही थोडा वेळ मागं थांबलो. लेकरू किरकिर करायला लागलं. अंधार वाढत होता तसे हे अस्वस्थ झाले.

"चल, जाऊ. तू हाईस की."

"मी?"

"तू सांग काय दिसतं ते."

आयुष्यात गाडीच्या पुढच्या सीटवर बसायची माझी ती पहिली खेप. काय सांगायचं आणि काय नाही हे मला कुठं ठाऊक! जे दिसेल ते सांगत सुटले. बैलगाडी, दिवा न्हाई तिला. खड्डा. दगड ठेवलेत कुणीतरी. बाभळ. पुन्हा बाभळ.

"अगं झाडं नको सांगू. झाडं चालत न्हाईत," हे वैतागले.

एरवी मी हसले असते. तेव्हा नुसती सांगत राहिले. लेकरानं टाहो फोडला. मी त्याला पदराखाली घ्यायला मान खाली घातली. तेवढंच. मान वर केली तर जीपच्या उजेडात टोपल्याच टोपल्या, डोक्यावर घेतलेल्या, आणि त्यांच्याखाली बायांच्या पाठी.

मी किंचाळले. ह्यांनी ब्रेक दाबला. जीप तिरपी होऊन थांबली. एक घमेलं खणखणत गेलं आणि कुठंतरी आडवं पडलं. धुरळा उठला, समोर काहीच दिसेना.

हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले. "लागलं का?" मला विचारत होते. "सांग ना, कुणाला लागलं का?"

गाडी ह्यांनी चालवलेली आणि कुणी मेलं का हे मला विचारत होते. मला सांगता येईना. मलाही दिसत नव्हतं. इतकी भ्याले मी कधीच नव्हते, बाळंतपणातही नाही.

मग धुरळ्यातून एक म्हातारा आवाज आला, "डोळे फुटले का रं तुझे, मुडद्या?"

त्या शिवीनं माझ्या जिवात जीव आला. शिवी देतेय म्हणजे जिवंत आहे. एकेक बाई पुढं झाली. खडीच्या कामावरून सुटून घरी चाललेल्या बाया होत्या. एकीचं कोपर सोललं होतं, बाजूला उडी मारताना पडली होती. बाकी सगळ्या धड होत्या. म्हातारीनं जीपमध्ये तोंड घातलं.

"दिवस बुडाला आन् हा काळा चष्मा लावून बसलाय! कुठला नवाब हाईस रं तू?"

ह्यांनी चष्मा काढला. आणि जे सासऱ्यांना सांगितलं नव्हतं, साहेबांना नाही, मलाही सापडल्यावरच सांगितलं होतं, ते त्या अनोळखी बाईला सांगितलं.

"मावशी, मला दिसत न्हाई."

म्हातारी आणखी आत वाकली.

"दिसत न्हाई तर गाडी कशाला चालवतो बाबा?"

मीच म्हटलं, "नोकरी हाय, मावशी."

"आमचीबी नोकरीच हाय, बाई," म्हातारी म्हणाली. "दिवसभर खडी फोडून घरी चाललोय."

लेकरू कडेवर घेऊन मी खाली उतरले आणि पडलेलं घमेलं शोधून दिलं.

त्याच बायांनी आम्हाला गावापर्यंत नेलं. त्या पुढं, जीपच्या उजेडात, आणि जीप मागं बैलगाडीच्या चालीनं. उजेडात चालायला मिळतंय म्हणून त्यातली एक तरणी पोर खिदळायला लागली, तिला म्हातारीनं दटावलं. त्यांच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर आम्हाला सतरंजी मिळाली, लेकराला वाटीभर दूध मिळालं. अशा दिवसांत दूध कुठून आणलं, मी विचारलं नाही.

सकाळी चांगलं उजाडल्यावर निघालो. मी म्हटलं, "आज साहेबांना तुम्ही सांगायचं. न्हाईतर मी जाऊन सांगते, मग तुमची लाज राहायची न्हाई."

"नोकरी गेली तर?"

"तर खडी फोडू."

निलंग्याला कागदं नेऊन दिली तेव्हा ह्यांनी सांगितलं. साहेब भडकले. किल्ली काढून घेतली. पुढं कितीतरी दिवस हे कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसून होते आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. आता पत्र येईल आणि आम्हाला नायगावला परत जावं लागेल, असं धरूनच मी चालले होते. भांडी मनातल्या मनात पोत्यात भरून झाली होती. मग ह्यांना सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवलं. डॉक्टरनं लिहून दिलं, चष्मा लावून गाडी चालवायला हरकत नाही. एवढंच होतं ते! आपल्या कचेरीत तसला काही नियमच नाही, साहेब म्हणाले. कुणीतरी चहा पिता पिता सोडलेली पुडी, आणि तिच्यापायी आम्ही एवढे दिवस जीव मुठीत धरून जगलो होतो. मला एवढा राग आला की त्या माणसाचं नाव ह्यांना आठवलं असतं तर मी तो असेल तिथं जाऊन त्याला जाब विचारला असता.

लातुरातच पांढऱ्या काचेचा चष्मा केला. किल्ली परत मिळाली. पहिल्या दौऱ्याच्या दिवशी संध्याकाळी मी दारात बसले नाही. मुद्दाम चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. जीपचा आवाज आला. नेहमीपेक्षा बराच उशीर झाला होता.

हे आत आले, पाय न धुता भिंतीला टेकून बसले. मी ताट वाढलं. हात लावेनात.

"साहेब काही बोलले का?"

मान हलवली, नाही म्हणून.

"यष्टी मिळाली न्हाई का?"

"यष्टी कशाला लागते आता? एकटाच आलो. सगळं दिसलं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला.

"औशापासून इथवर रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसंच माणसं होती गं. कामावरून येणाऱ्या बाया. घागरी घेतलेली पोरं. एक म्हातारा तर रस्त्यातच खाली बसला होता दम खात. एवढी माणसं असतात?"

"रोजच असतात," मी म्हटलं.

"मला वाटायचं, रस्ता मोकळा असतो."