पलंगाखालचे गहू

सासूबाई कुवेतला आमच्याकडे राहायला आल्या आणि पंधरा दिवसांत त्यांना आदर्श सून सापडली. ती अर्थात मी नव्हे. सलवातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, चार लेकरांची अमेरिकन आई.

ती मॉर्मन पंथाची. नवऱ्यानं कमवायचं आणि बाईनं घर-मुलं बघायची, ही रीत तिच्या माणसांत अजून बरीच पक्की. ती चहा-कॉफी घेत नाही हे कळल्यावर सासूबाई आधी खट्टू झाल्या. चहा न पिणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय? पण एकदा तिच्याकडे गेलो, तर तिनं मुलांच्या पलंगाखालून गव्हाचे डबे ओढून दाखवले. अडीअडचणीला घरात वर्षाचं धान्य हवं, अशी त्यांच्यात शिकवण. दळणही घरचं, पावही घरचा.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "अमेरिकेची असून बेगमी करून ठेवलीय. आणि तुझ्याकडं पाच किलोची पिशवी."

मग उठता-बसता तिचे दाखले ऐकून माझे कान किटले. त्यात मला हवल्लीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सची नोकरी मिळाली होती, मुलीच्या शाळेच्या वेळातली. इतकी वर्षं घरात काढल्यावर मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. नवऱ्यानं "आईला विचार" म्हणून हात झटकले. इथला आठवडा रविवारी सुरू होतो, त्याच दिवशी हजर व्हायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गुरुवारी समोरची आली. कोकम सरबत पिता पिता तिनं सांगितलं की तिला एका शाळेनं गणित शिकवायला बोलावलंय. तिच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं, मग पाव कोण भाजणार? तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

"तुझ्या सासूबाईंना विचार ना," ती म्हणाली. "मी गेले तर त्या मला वाईट आई म्हणतील का?"

मी तिचं बोलणं मराठीत सांगितलं. आपल्या सोयीचं काही घुसडायचा मोह झाला, पण आवरला.

सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला. "तिला म्हणावं, घरात वर्षाचे गहू आहेत, लेकरं शाळेत जातात. घर काय पळून जातंय? खुशाल जा."

मी संधी सोडली नाही. "आई, मलाही नोकरी मिळालीय. मी जाऊ?"

त्या उठल्या. "तुझ्या घरात कुठं आहेत वर्षाचे गहू?" म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. हसल्या की रागावल्या, मला काही कळलं नाही.

शुक्रवारी मी नवऱ्याला दुकानात पिटाळलं. त्यानं घाम गाळत गव्हाची दोन पोती वर आणली आणि जागा नाही म्हणून हॉलमध्येच टेकवली. "मम्मी, व्हेअर विल वुई सिट?" लेकीनं विचारलं. सासूबाईंनी एका पोत्यात हात घातला, मूठभर गहू उजेडात धरले. "खडे आहेत," म्हणाल्या आणि ताट घेऊन निवडायला बसल्या.

रविवारी सकाळी पर्स शोधत स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर पोळी-भाजीचे दोन डबे भरून ठेवलेले. मी विचारलं, "दोन कशाला?"

"एक तिला दे जाता जाता," सासूबाई म्हणाल्या. "आज पाव तिच्या नवऱ्यानं भाजलाय. करपल्याचा वास इथवर आलाय."